आधी सरबत, मग सावर: ताज्या स्ट्रॉबेरीचं कॉकटेल घरच्या घरी

लिंबाचं सरबत करताना आपण माप काढत बसत नाही. लिंबू पिळतो, साखर विरघळवतो, चिमूटभर मीठ टाकतो, तळहातावर थेंब घेऊन चाटतो आणि मग ठरवतो, अजून अर्धं लिंबू पिळायचं की राहू द्यायचं. ‘सावर’ (इंग्रजी ‘sour’, म्हणजे आंबट) प्रकारातल्या कॉकटेलला याहून वेगळी अक्कल लागत नाही. पण दारूची बाटली ओट्यावर आली की माणसं एकदम गंभीर होतात, मिलिलिटरमध्ये बोलायला लागतात आणि चाखायचं विसरतात. माझे पहिले चार-पाच ग्लास असेच बिघडले. कृती जशीच्या तशी पाळली होती, पण ज्या देशात ती लिहिली गेली तिथली फळं वेगळी आणि लिंबंही वेगळी.

म्हणून या लेखातली युक्ती एवढीच: दारू शेवटी घालायची. आधी स्ट्रॉबेरी-लिंबाचं घट्ट सरबत जमवायचं, ते चाखून दुरुस्त करायचं, आणि मगच बाटलीचं बूच काढायचं. सरबत बिघडलं तर दोन रुपयांची साखर वाया जाते. दारू घातल्यावर बिघडलं तर काय होतं ते सांगायला नको.

सावर म्हणजे एक कडक दारू, एक आंबट आणि एक गोड. बस. याचा आजा म्हणजे ‘पंच’. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून हे पेय हिंदुस्थानातून इंग्लंडला गेलं, आणि नाव आपल्या ‘पंच’वरून, म्हणजे पाचवरून पडलं असं सहसा सांगतात: दारू, लिंबू, साखर, पाणी, मसाला. पंच मोठ्या भांड्यात दहा जणांसाठी करायचा. त्यातला एका माणसाचा वाटा ग्लासात वेगळा केला की झाला सावर. अमेरिकेतला बारटेंडर जेरी थॉमस याच्या १८६२च्या कृतींमध्ये सावर आहेत. बेरी घातलेला सगळ्यात नावाजलेला सावर म्हणजे ‘क्लोव्हर क्लब’: जिन, लिंबू, रास्पबेरीचा पाक आणि अंड्याचा पांढरा. फिलाडेल्फियातल्या एका क्लबचं नाव त्याला मिळालं. आपण करणार आहोत तो याच घराण्यातला, फक्त रास्पबेरीच्या जागी महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी.

(माझा आतेभाऊ म्हणतो की नावातच इशारा आहे: दुसऱ्या ग्लासानंतर, बाबा, स्वतःला सावर. विनोद जुना आहे, पण सल्ला खरा आहे.)

फळ

महाबळेश्वर-पाचगणी भागातली स्ट्रॉबेरी साधारण नोव्हेंबरअखेरीपासून एप्रिलपर्यंत मिळते. तिला २०१०मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पुण्या-मुंबईत ती पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यांतून येते, बहुधा २०० ग्रॅमच्या. डबी घेताना वरून बघू नका, उलटी करून बघा. वर लालभडक फळं रचलेली असतात आणि खाली पांढऱ्या खांद्यांची किंवा रस सुटलेली. कॉकटेलसाठी देठापर्यंत लाल झालेलं, वास येणारं फळ हवं. आकाराशी काही देणंघेणं नाही, उलट छोटं आणि वेडंवाकडं फळ पुष्कळदा जास्त चवीचं निघतं आणि स्वस्तही पडतं. डबी नाकाशी धरा. वास नसेल तर चवही नसते.

धुताना एक चूक जवळजवळ सगळे करतात: आधी देठ काढतात आणि मग फळं पाण्यात टाकतात. देठाच्या खळग्यातून पाणी आत शिरतं आणि फळ मिळमिळीत होतं. हिरवी टोपी तशीच ठेवून वाहत्या पाण्याखाली धुवा, पंच्यावर पसरून कोरडी करा, मग टोपी काढा. आणि हे सगळं वापरायच्या वेळी. धुऊन फ्रिजमध्ये ठेवलेली स्ट्रॉबेरी दुसऱ्या दिवशी बुरसते.

हंगाम नसेल तर गोठवलेली फळं चालतात. ती सुटताना बरंच पाणी सोडतात, ते फेकू नका, त्यातच चव आहे. बाटलीतलं क्रश वापरायचं असेल तर पुढच्या यादीतली साखर पूर्ण वगळा, कारण क्रश म्हणजे आधी साखर आणि मग फळ.

एका ग्लासाचं सामान

मध्यम आकाराच्या ४-५ स्ट्रॉबेरी (साधारण ६०-७० ग्रॅम), साखर ३ सपाट चहाचे चमचे, कागदी लिंबाचा गाळलेला रस २० मिली, जिन ४५ मिली, एका अंड्याच्या पांढऱ्यातला अर्धा-पाऊण भाग, चिमटीभर मीठ, आणि बर्फ भरपूर.

मोजायला खास भांडं नसेल तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं प्लास्टिकचं झाकण घ्या. त्यावर ५ आणि १० मिलीच्या रेघा असतात, आणि प्रत्येक घरात अशी दोन-तीन झाकणं कुठल्यातरी खणात पडलेली असतात. नीट धुऊन घ्या, नाहीतर तुळस-अडुळसा सावर होईल.

शेकरसाठी घट्ट फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा किंवा रुंद तोंडाची स्टीलची बाटली उत्तम. काचेची बरणी चालते, पण बर्फ जोरात आपटतो म्हणून जाड हवी. मात्र डब्यात कधी लोणचं किंवा तेलकट भाजी राहिली असेल तर तो आधी गरम पाण्याने आणि साबणाने घासून घ्या. वास येतो हे एक कारण. दुसरं मोठं कारण फेसाचं आहे, ते पुढे सांगतो. याखेरीज चहाची बारीक गाळणी, बत्ता किंवा लाटण्याचं टोक, आणि ग्लास. उंच दांड्याचा पसरट ग्लास नसेल तर आइस्क्रीम खायची काचेची दांडीवाली वाटी घ्या. ती हुबेहूब तशीच दिसते आणि तिच्यात हे पेय बरोबर मावतं. ग्लास आधीच फ्रीजरमध्ये टाकून ठेवा.

मुरवणं

परदेशी कृतींत साखरेचा पाक वेगळा करून ठेवायला सांगतात आणि फळ ऐन वेळी ग्लासात ठेचतात. आपल्याला त्याहून चांगली रीत आधीपासून येते. साखरांब्यासाठी फोडींना साखर लावून ठेवतो तेच इथे करायचं. स्ट्रॉबेरीचे चार-चार तुकडे करा, तीन चमचे साखर आणि चिमटीभर मीठ भुरभुरवा, झाकून अर्धा तास ठेवून द्या. साखर फळातलं पाणी ओढून घेते, वाटीच्या तळाशी लाल रस साचतो आणि फोडी मऊ पडतात. मग बत्त्याने चार-पाच वेळा दाबलं तरी पुरतं. चटणी करायची नाही.

मिक्सर लावू नका असं मी म्हणतो. चूक नाही त्यात, पण हवा भरून रस गुलाबी-पांढुरका आणि दाट होतो, बिया भरडल्या जातात, आणि पेयाऐवजी मिल्कशेकचा भास होतो. चार जणांचं करायचं असेल तर मिक्सरचं बटण एकदाच क्षणभर दाबून सोडा.

बियांवरून आठवलं. ज्यांना आपण बिया म्हणतो ती खरं तर स्ट्रॉबेरीची इवलाली सुकी फळं, आणि लाल गर हा फुलाचा फुगलेला देठ. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने स्ट्रॉबेरी बेरीच नाही. वांगं बेरी आहे, टोमॅटो बेरी आहे, केळं बेरी आहे. वांग्याचा सावर करून बघायची हिंमत अजून झालेली नाही.

सरबत जमवणं

मुरलेल्या फळात २० मिली लिंबाचा रस घाला. लिंबू ताजंच हवं, बाटलीतला रस नको, त्याला कडवट, शिळी छटा असते. आपली कागदी लिंबं लहान असली तरी आंबटपणाला खमकी असतात. एका लिंबातून किती रस निघेल याचा मात्र भरवसा नाही. उन्हाळ्यातली कोरडी निघतात. त्यामुळे लिंबं मोजू नका, रस मोजा. पिळण्याआधी ओट्यावर तळहाताखाली दाबून फिरवा, आणि साल कोरडी होण्याआधी एक पातळ चकती काढून ठेवा, शेवटी लागेल.

आता चमचाभर चाखा. इथेच सगळं ठरतं. या क्षणी ते पिण्याजोगं लागायला नको, जरा अति लागायला हवं: आधी आंबट झणका, मागून गोड, दोन्ही ठसठशीत. कारण यात अजून दारू पडायची आहे आणि बर्फाचं पाणी मिसळायचं आहे. तयार पेयात साधारण पाव भाग हे वितळलेलं पाणी असतं. शिवाय थंड झाल्यावर जिभेला गोडी कमी जाणवते. आत्ता बरोबर लागणारं सरबत शेवटी पुळकवणी लागेल.

दात आंबले तर अर्धा चमचा साखर. जिभेवर गोडाचा थर बसला तर ५ मिली लिंबू. दोन्ही ठीक आहे पण चव कुठेतरी झोपल्यासारखी वाटते, तेव्हा मीठ कमी आहे. डिसेंबरातली डबी आणि मार्चातली डबी एकच माप घेत नाही, म्हणून हे चाखणं दर वेळी करायचं, अगदी पन्नासाव्या ग्लासालाही.

घरात न पिणारं कोणी असेल तर त्यांचा ग्लास याच पायरीवर वेगळा निघतो. गाळून, बर्फ आणि थंड सोडा घालून द्या. माझी वहिनी दारूला शिवत नाही, आणि तिचा ग्लास बघून बाकीचे जण अदलाबदल करायला तयार होतात.

दारू

नव्याने करणाऱ्याला मी जिनच सांगेन. तिच्यातला जुनिपरचा (जिनला तिचा खास वास देणाऱ्या फळाचा) राळेसारखा, किंचित लिंबाळ वास स्ट्रॉबेरीला उचलून धरतो. गेल्या काही वर्षांत गोव्यात चांगल्या जिन तयार होऊ लागल्या आहेत, पण या पेयासाठी महागडी बाटली फोडणं म्हणजे केशर घालून कांदाभजी करणं. साधी ‘लंडन ड्राय’ प्रकारची जिन पुरे. व्होडका घातली तर फक्त फळाची चव राहते, ती कुणाला हवीही असते. पांढरी रम छान जमते, साखर थोडी कमी करा. व्हिस्कीने रंग मळतो आणि फळ मागे पडतं; व्हिस्की सावर स्ट्रॉबेरीशिवायच करावा. काजू फेणी स्ट्रॉबेरीला गिळून टाकते. तिच्यासाठी दुसरं फळ आहे, शेवटी सांगतो.

४५ मिली हे माप मुद्दाम धरलं आहे. परदेशी कृतींत ६० असतं. आपल्याकडच्या बहुतेक कडक दारूंत अल्कोहोलचं प्रमाण ४२.८ टक्के असतं, म्हणजे ४५ मिलीत जवळपास १९ मिली शुद्ध अल्कोहोल आलं. पाच टक्के बिअरच्या ३३० मिलीच्या पाइंटमध्ये साडेसोळा असतं. म्हणजे दिसायला गुलाबी सरबत, पण आत एका पाइंटहून जास्त. गोड-आंबट चवीमुळे ते कळत नाही आणि पाच मिनिटांत ग्लास रिकामा होतो. सोबत पाणी ठेवा, चकणा ठेवा, आणि गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्या.

कायद्याचंही सांगून टाकतो. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वय पंचवीस पूर्ण लागतं आणि परवाना लागतो. एका दिवसाचा दुकानातच मिळतो, कायमचा राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून काढता येतो. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, तिथल्या वाचकांनी वहिनीचा ग्लास करावा.

फेस

सावरच्या डोक्यावरचा तो मऊ पांढरा थर अंड्याच्या पांढऱ्याचा. नाक मुरडू नका. फेसाला चव जवळपास नसते, पण लिंबाची धार तो बोथट करतो आणि घोट रेशमी लागतो. पहिल्यांदा केला तेव्हा आत्या स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, “काय रे, दाढी करायला बसलायस का इथे?” तिला ग्लास दाखवल्यावर म्हणाली, “दे इकडे, बघू.” बघितला, परत काही दिला नाही.

अंडं ताजं हवं. पाण्यात सोडलं की तळाशी आडवं बसणारं ताजं. उभं राहणारं किंवा तरंगणारं नको. वेगळ्या वाटीत फोडा, पिवळ्याचा थेंबही पांढऱ्यात जाऊ देऊ नका. पिवळ्यात स्निग्धांश असतो आणि स्निग्धांश फेस धरू देत नाही. तेलकट डब्याचं म्हणत होतो ते याचसाठी: डब्याला नुसता तेलाचा हात लागला असेल तरी कितीही हलवा, वर चार बुडबुडे येऊन विरून जातात. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जंतूंची बाधा होऊ शकते. ती शक्यता कमी असली तरी गरोदर स्त्रिया, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि आजारी माणसं यांच्या ग्लासात कच्चं अंडं घालू नका. लिंबाने किंवा दारूने अंडं ‘शिजतं’ यावर विसंबू नका.

अंडं न खाणाऱ्यांसाठी छोल्यांचं पाणी आहे, आणि हे मी तडजोड म्हणून सांगत नाही. काबुली चणे भिजवून, मीठ आणि खायचा सोडा न घालता कुकरमध्ये शिजवा, पाणी गाळून मंद आचेवर आटवा. अंड्याच्या पांढऱ्याइतकं चिकट-दाट झालं की गार करा. एका ग्लासाला २५ मिली. फेस तितकाच उभा राहतो आणि अंड्याचा वशट वासही नसतो. चणे रात्री छोल्यांत जातातच.

हलवणं

सरबत, जिन आणि पांढरा डब्यात एकत्र करा. बर्फ अजिबात नको. झाकण घट्ट लावा, त्यावर तळहात दाबून धरा आणि वीस सेकंद जोरात हलवा. बर्फाशिवाय हलवल्याने अंडं नीट फुलतं. झाकण दाबून धरा हे सवयीने लिहिलेलं वाक्य नाही. आत फेस फुगतो आणि झाकण सैल असेल तर उडतं. आमच्या ओट्यामागच्या टाइल्सच्या फटींत अजून एक गुलाबी रेघ आहे.

मग डबा उघडून दोन-तृतीयांश बर्फाने भरा. बर्फ आदल्या दिवशी झाकणाच्या डब्यात केलेला असावा. फ्रीजरमध्ये शेजारी बांगडे असतील तर बर्फालाही बांगड्यांचा वास लागतो. मोठे, कडक खडे घ्या. वितळायला लागलेला, ओला बर्फ पेय थंड करण्याआधी पातळ करतो. पुन्हा बारा-पंधरा सेकंद, या वेळी अंगातला सगळा जोर लावून. घड्याळ बघायची गरज नाही: डब्याबाहेर धुकं धरलं आणि हाताला गारठा सोसेना झाला की थांबा. आता झाकण उघडायला त्रास होईल, कारण आतली हवा गार होऊन आकसते आणि झाकण ओढून धरते. कडेवर हलकेच थोपटा. सुरी घालून उचकटू नका.

ग्लासावर गाळणी धरा आणि ओता. गर अडकेल, चमच्याने नुसतं ढवळत राहा, दाबू नका. आधी सगळं गुलाबी, गढूळ दिसेल आणि वाटेल की फसलं. मिनिटभर ग्लासाला हात लावू नका. फेस आपसूक वर येऊन थर वेगळा होतो, खाली लाल, वर पांढरट गुलाबी. मघाची लिंबाच्या सालीची चकती फेसावर धरून चिमटा, तिच्यातल्या तेलाचा फवारा अंड्याचा वास झाकतो. वर ताज्या मिरपुडीची एक चिमूट. स्ट्रॉबेरी आणि मिरी यांचं इतकं जमतं की ती वगळली तर मला चुकल्यासारखं वाटतं.

चार पाहुणे असतील तर मुरवलेलं फळ आणि लिंबू दुपारीच एकत्र करून फ्रिजमध्ये ठेवा. एका डब्यात एका वेळी दोनच ग्लास हलवा. चार ग्लासांचं एकदम घातलं की बर्फाला जागा राहत नाही आणि कोमट सावरसारखं वाईट काही नाही. सोडा हवा असेल तर ग्लासात वरून. डब्यात सोडा घालून हलवलात तर टाइल्सवर तुमचीही रेघ उमटेल.

स्ट्रॉबेरी संपल्यावर

मार्च-एप्रिलमध्ये तुती येते. ती गोड जास्त आणि आंबट कमी, म्हणून साखर दोन चमचे आणि लिंबू २५ मिली. जून-जुलैतल्या जांभळाचा गर बी काढून मुरवा, साध्या मिठाऐवजी काळं मीठ घाला. जांभळाचा तुरटपणा फेसाने सौम्य होतो, रंग तर असा की पाहुणे आधी फोटोच काढतात. डाग मात्र पांढऱ्या ओट्यावरून लवकर जात नाहीत, खाली जुनं वर्तमानपत्र घाला.

आणि मे महिन्यातली करवंदं. पूर्ण काळी, मऊ झालेलीच घ्या; अर्धी कच्ची असली तर चीक सुटतो आणि ओठ चिकटतात. मुरवायला अर्ध्याऐवजी दोन तास लागतात, साखर चार चमचे, लिंबू फक्त १० मिली, कारण आंबटपणा फळातच आहे. बिया आणि साली गाळणीत राहतात. यात जिन नको, काजू फेणी ४५ मिली. स्ट्रॉबेरीला गिळणारी फेणी करवंदापुढे मात्र गप्प बसते. शिवाय करवंद ही शास्त्राच्या हिशेबानेही अस्सल बेरी.